अंगणांतील वीज आणि पावसाचें पाणी

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या पुतण्यानें न्यू जर्सींत घर घेतलें. खरेदीपूर्वीं घर तपासणाऱ्या गृहस्थांनीं मागील अंगणाच्या भिंतीवरील विजेच्या सॉकेटास दोष लावला. "सॉकेट चालतें, वर झांकणहि आहे, मग दोष कसला?" असें वहिनींनीं आम्हांस विचारलें. ज्यांचीं मुलेंबाळें अमेरिकेंत आहेत अशा पुष्कळ वाचकांच्या घरीं हा प्रश्न निघण्याजोगा असल्यामुळें उत्तर येथेंच देतों.

त्या देशांतील वायरिंगचे नियम 'नॅशनल इलेक्ट्रिकल कोड' या संहितेंत ग्रथित आहेत. ती प्रथम १८९७ सालीं निघाली व हल्लीं दर तीन वर्षांनीं सुधारली जाते. मात्र कोणती आवृत्ति लागू करावयाची हें ज्या त्या राज्याकडे असतें.

संहिता बाहेरच्या जागांत भेद करते. छपराखालचा ओटा, जेथें पावसाची झोड पोंचत नाहीं, ती दमट जागा. पाऊस थेट लागतो ती ओली. दमट जागीं प्लग काढून झांकण मिटल्यावर पाणी आंत न गेलें म्हणजे पुरे. ओल्या जागीं मात्र प्लग लावलेला असतांनाहि पाणी शिरतां कामा नये. पुतण्याच्या सॉकेटावर नुसती चपटी झडप होती. दिवाळीच्या दिव्यांच्या माळेचा प्लग खोंवला कीं ती उघडीच राहावयाची. म्हणजे काम नसतांना रक्षण आणि काम सुरू झालें कीं उघडें! अशा ठिकाणीं प्लग व तार सामावून घेणारें डबीसारखें फुगीर झांकण लागतें. (आमच्या कोकणांतील पडवींत बटणावर प्लास्टिकची पिशवी बांधतात. तिच्यांत दमटपणा कोंडून राहतो, हें कोणी ध्यानांत घेत नाहीं.)

झांकण बदललें कीं संपलें, असें वहिनींस वाटलें. पण २००८ च्या आवृत्तीपासून अशा जागीं सॉकेटहि हवामानास टिकणारें असावें लागतें. त्याच्या तोंडावर 'डब्ल्यू. आर.' हीं अक्षरें उमटविलेलीं असतात. झांकणें मोडतात, उघडीं राहतात. साध्या सॉकेटाचें प्लास्टिक उन्हानें ठिसूळ होतें, थंडींत तडकतें. आंतील पाती गंजून प्लगवरील पकड सैल होते, आणि सैल पकड तापते.

याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील यांनीं १९६१ सालीं एक विद्युत्‌रक्षक योजिला. गेलेला प्रवाह व परतलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो आणि ४ ते ६ मिलिअँपिअरची तूट दिसतांच निमिषांत वीज तोडतो. ही तूट कोणाच्या तरी अंगांतून जमिनींत जात असण्याचा संभव असतो. साधा फ्यूज १५-२० अँपिअरपर्यंत स्वस्थ बसतो. माणसास त्याचा शंभरावा अंशहि प्राणघातक ठरूं शकतो. घरांबाहेरील सॉकेटांस हा रक्षक १९७३ पासून आवश्यक झाला. आपल्याकडे याच तत्त्वावरील रक्षक बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो.

पुतण्याच्या सॉकेटास तो नव्हता. त्याची चार वर्षांची मुलगी त्याच भिंतीजवळ ओल्या हिरवळीवर अनवाणी खेळते. हें कळल्यावर वहिनींनीं झांकणाची गोष्ट पुन्हां काढली नाहीं. परवानाधारक कारागिराकडून तिन्ही कामें झालीं, आणि रक्षकावरील चांचणीचें बटण दरमहा दाबावयाचें हें काम त्यांनीं फोनवरून पुतण्याकडून करवून घेण्याचें स्वतःकडे घेतलें आहे.