न्यायाचा अभ्यास कोणत्या विभागाने करावयाचा?

दरवर्षी १४ जानेवारीला छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांची रीघ लागते. त्यांतील कित्येकांना महाविद्यालयाची पायरी चढण्याची संधी कधी मिळाली नाही. त्यांचे विद्यापीठाशी असलेले नाते पदवीचे नाही, नावाचे आहे. विद्यापीठाच्या दारासमोर श्रद्धेने माथा टेकणारा असा समाज फार थोड्या विद्यापीठांना लाभला असेल. परंतु या माणसांच्या जगण्याचा दाराच्या आत काय अभ्यास होतो, हा प्रश्न त्या गर्दीच्या दिवशी किंवा इतर दिवशीही फारसा कोणी विचारीत नाही. तो विचारला जाण्याची वेळ आता आली आहे.

हे विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले. २७ जुलै १९७८ रोजी राज्याच्या विधिमंडळाने त्याला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दंगली उसळल्या. दलितांच्या वस्त्या जाळण्यात आल्या, माणसे मारली गेली, अनेक कुटुंबांना गाव सोडावे लागले. १९७९ मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला. पुढे नामविस्तारासाठी १९९४ चा १४ जानेवारी उजाडावा लागला. म्हणजे ठराव आणि त्याची अंमलबजावणी यांच्यामध्ये साडेपंधरा वर्षे गेली. एका विद्यापीठाच्या नावासाठी समाजाने इतकी मोठी किंमत मोजावी, ही घटना त्या विद्यापीठाच्या प्रत्येक विद्याशाखेला विचार करावयास लावणारी आहे.

कारण ती दंगल केवळ नावासाठी झाली, असे कोणी म्हणत असेल तर ते अर्धसत्य आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले होते. गायरानाची जमीन कसू पाहणारा भूमिहीन आणि त्याला अटकाव करणारे गाव, गावकीची कामे नाकारणारी तरुण पिढी आणि त्या नकाराने दुखावलेली जुनी सत्ता, नोकरीच्या शोधात असलेला सुशिक्षित बेकार आणि राखीव जागांविषयी त्याच्या मनात पेरलेला राग, हे सारे त्या आगीचे इंधन होते. मुंबईच्या अत्याचार विरोधी समितीने या दंगलींवर तयार केलेला अहवाल १९७९ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. ही आग समजून घेण्यासाठी जमिनीचे अर्थशास्त्र लागते, जातीचे समाजशास्त्र लागते, वतनांचा इतिहास लागतो, कायदा लागतो, आणि जाळल्या गेलेल्या घरातील माणसाच्या मनात काय उरते हे सांगणारे साहित्यही लागते. यांपैकी एकच शास्त्र हाती घेऊन निघालेला अभ्यासक अर्ध्या वाटेवरच थांबेल.

ज्यांचे नाव या विद्यापीठाने धारण केले, त्यांची विद्वत्ता तरी कोणत्या एका विभागात बसविता येईल? कोलंबिया विद्यापीठात १९१६ साली त्यांनी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. १९१८ साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांच्या प्रश्नावर लिहिले आणि त्या प्रश्नाचे मूळ शेतीबाहेर रोजगार नसण्यात आहे, असे दाखविले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ आला. पुढे ते कायद्याकडे वळले, १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी दिलेला इशारा तर सर्वश्रुत आहे: राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ टिकली तर लोकशाहीच धोक्यात येईल. न्यायावाचून शांतता टिकत नाही, हाच त्या इशाऱ्याचा अर्थ होता. नॉर्वेचे अभ्यासक योहान गाल्टुंग यांनी १९६९ साली, हिंसा समाजाच्या रचनेतही दडलेली असते आणि दंगल थांबणे म्हणजे शांतता नव्हे, असे प्रतिपादन केले. ते जगभर गाजले. आंबेडकरांचा इशारा त्याच्या वीस वर्षे आधीचा आहे.

आज परिस्थिती काय आहे? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. त्यामुळे सामाजिक न्याय, मानवी हक्क, शांतता अशा शीर्षकांच्या अभ्यासपत्रिकांना अभ्यासक्रमात वाट मिळेल, हे स्वागतार्हच आहे. परंतु धोकाही येथेच आहे. दोन श्रेयांकांची एक पत्रिका, बाजारात मिळणारे एक मार्गदर्शक, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेल्या पाच व्याख्या, एवढ्यावर न्यायाचे शिक्षण उरकले जाण्याची भीती आहे. विद्यापीठात अध्यासने आहेत, तारााबाई शिंदे यांच्या नावाचे स्त्री अभ्यास केंद्र आहे. ही केंद्रे आपले काम करतात. मात्र ती आहेत म्हणून वाणिज्य, विज्ञान, व्यवस्थापन या शाखांनी आपण या जबाबदारीतून मोकळे झालो असे मानणे, हा श्रमविभागणीचा फारच सोयीस्कर अर्थ झाला.

एक जवळचे उदाहरण घ्यावे. विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडण्यासाठी सहा महिने राबावयाचे असते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. म्हणजे बाईचे श्रम मोजले जातात, पण तिच्या नावावर मजुरी लागत नाही. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो व उचलीत दंड वाढतो. २०१९ साली या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या माहितीनुसार, सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झालेली होती.

हा प्रश्न कोणत्या विभागाचा? वैद्यकाचा म्हणावा तर खाड्याच्या भीतीचा उलगडा होत नाही. अर्थशास्त्राचा म्हणावा तर शरीराचे दुखणे सुटून जाते. उचल हे कर्ज की आगाऊ वेतन, आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याशी तिचे नाते काय, हे विधीच्या विद्यार्थ्याने सांगावयाचे. उचलीचा हिशेब कोणाच्या वहीत असतो, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याने पाहावयाचे. तळावरच्या पाण्याचे परीक्षण रसायनशास्त्राचा विद्यार्थी करू शकेल, आणि आईबापांबरोबर कोपीत राहणाऱ्या मुलांच्या बुडालेल्या शाळेची नोंद शिक्षणशास्त्राचा. दुर्दैवाने आपण ज्ञानाची वाटणी प्रशासनाच्या सोयीनुसार केली आहे: वैद्यकाचे विद्यापीठ नाशिकला, कृषीचे परभणीला. ऊसतोड बाईचे आयुष्य मात्र असे वाटून दिलेले नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे, तिची सात दिवसांची निवासी शिबिरे आजही गावोगाव होतात. रस्ते झाडणे व वृक्षारोपण यांच्या जोडीला एका तालुक्यातील महाविद्यालयांनी वर्षाला एकच प्रश्न निवडावा. प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्याने तो आपल्या शास्त्राच्या अंगाने तपासावा, आणि सर्वांचा मिळून झालेला अहवाल मराठीत लिहून त्याच गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. त्याला अंतर्गत मूल्यमापनाचे गुण द्यावेत. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यासमोर उभे राहून वाचावे लागले की विधाने आपोआप जपून केली जातात. याहून कडक परीक्षक मिळणे कठीण.

प्राध्यापकांच्या जागा रिक्त आहेत, तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण शिक्षकांवर आणखी ओझे का, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. ज्या शिक्षकाला स्वतःला न्याय्य वेतन मिळत नाही, त्याच्याकडून न्यायाचे अध्यापन फुकटात करून घेणे शोभणारे नाही. या कामाचे तास त्याच्या कार्यभारात धरले गेलेच पाहिजेत. असल्या अभ्यासाने महाविद्यालयात राजकारण शिरेल, हा दुसरा आक्षेप. परंतु १९७८ साली विद्यार्थ्यांमध्ये राजकारण शिरले ते अभ्यासामुळे नव्हे. अफवा व द्वेष यांना उत्तर देईल असे ज्ञान त्यांच्या हाती नव्हते, म्हणून ते शिरले.

नाव देण्याचे काम १९९४ साली झाले. त्या नावाला साजेसे विद्यापीठ घडविण्याचे काम शासनाच्या अधिसूचनेने होणारे नाही. ते वर्गात, प्रयोगशाळेत आणि गावाच्या चावडीवर रोज थोडेथोडे करावे लागेल. १४ जानेवारीला प्रवेशद्वाराशी येऊन माथा टेकणाऱ्या माणसाने आत डोकावून पाहिले, तर त्याला आपल्या गावाचा, आपल्या मजुरीचा, आपल्या मुलांच्या शाळेचा अभ्यास चाललेला दिसावा. एवढी अपेक्षा करण्याचा अधिकार त्याने या विद्यापीठाकडून केव्हाच मिळविला आहे.