मिठी नदी कोणी अडवली?

मुंबईच्या उपनगरांतून वाहणारी मिठी नदी लांबीने जेमतेम १८ किलोमीटर. विहार तलावाच्या सांडव्यापासून निघावे, पवई तलावाचे पाणी सोबत घ्यावे, साकीनाका, कुर्ला, कलिना, धारावी ओलांडून माहीमच्या खाडीत मिळावे, एवढाच तिचा प्रवास. उगमाजवळ उतार तीव्र, पुढे जमीन सपाट. आणि खालच्या टप्प्यात समुद्राची भरती आत शिरते. मुसळधार पाऊस व भरती एकाच वेळी आली की पाण्याला पसरायला जागा लागते. ही जागा खारफुटीची व दलदलीची होती.

ती कोणी बळकावली? सत्ताधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : झोपडपट्टीने. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे. वसाहती सरकारने शहराच्या पाण्यासाठी १८६० च्या सुमारास विहारचे धरण बांधून नदीचे मूळच अडवले. १८९१ मध्ये पवईचा तलाव झाला, त्याचे पाणी तर पिण्यास अयोग्य ठरले. त्याआधी, १८४५ मध्ये, माहीमचा बांधरस्ता झाला आणि खाडीचे मुख आवळले गेले. स्वातंत्र्यानंतर हेच धोरण अधिक जोमाने चालले. सांताक्रूझ विमानतळाच्या विस्तारासाठी प्रवाह काटकोनात वळवून धावपट्टीखालून नेण्यात आला. १९७७ पासून वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हाती आले, आणि दलदल बुजवून तेथे बँकांचे व हिरे व्यापाऱ्यांचे मनोरे उभे राहिले. भराव घालणाऱ्यांना अतिक्रमक म्हणण्याची प्रथा आपल्याकडे नाही!

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला अवघा ७३. मुंबईत शेकडो माणसे दगावली. कुर्ला, कलिना या भागांतील घरे पाण्याखाली गेली. ऑगस्टमध्ये मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. पात्राचे रुंदीकरण आवश्यक होते, हे कोणी नाकारत नाही. पण त्यासाठी हटवल्या गेल्या त्या काठावरच्या हजारो झोपड्या. धावपट्टी आणि संकुल जागचे हलले नाहीत.

काठावरच्या कारखान्यांतले तेल, भंगाराच्या गोदामांत धुतलेल्या पिंपांचे रसायन नदीत जाते, हे खरेच. मात्र त्या पिंपांशी हातमोज्यांवाचून झटणारा कामगार कमाईचा मालक नसतो. शिवाय मैल्याचा मोठा भाग येतो तो गटारव्यवस्थेपासून वंचित ठेवलेल्या वस्त्यांतून. महापालिकेने मलवाहिनी घातलीच नाही, तर संडासाचे पाणी नाल्याखेरीज जाणार कोठे?

गाळ काढण्याच्या कामावर वर्षानुवर्षे कोट्यवधी रुपये खर्च झाले. २०२५ मध्ये या कंत्राटांतील सुमारे ६५ कोटींच्या कथित गैरव्यवहाराबद्दल पोलिसांनी गुन्हा नोंदवला. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. दरम्यान कुर्ल्याच्या क्रांतिनगरातील कुटुंबे दर पावसाळ्यात पाणी चढू लागले की सामान माळ्यावर ठेवून बाहेर पडतात. त्यांची मागणी साधी आहे : रुंदीकरणात घर जाणार असेल, तर पर्यायी घर कामाच्या ठिकाणाजवळ, आणि तेही पाडकामाच्या आधी.