रिकाम्या खाटेचं भाडं

अमेरिकेत कॉलेजच्या मुलींच्या ‘सोरोरिटी’ संघटना दीडशे वर्षं जुन्या. पाय बीटा फाय १८६७ मध्ये इलिनॉयच्या मॉनमथ गावात सुरू झाली. या संघटनांची सदस्यांना राहायची घरं बऱ्याच ठिकाणी माजी सदस्यांचं ‘हाउस कॉर्पोरेशन’ बिनपगारी सांभाळतं. कर्जाचा हप्ता, विमा, स्वयंपाक्याचा पगार, सगळा हिशेब खाटा भरण्यावर. म्हणूनच अनेक ठिकाणी सदस्य होतानाच कबूल करावं लागतं, की खाट रिकामी असेल तर घरात राहायला यावं लागेल. अट रास्तच आहे; चौघींनी टाळलं की त्यांचा भार उरलेल्यांवर पडतो. घोळ होतो तो तारखांचा. मॅडिसनसारख्या कॉलेजगावांत पुढच्या वर्षीच्या फ्लॅटचे करार ऐन शरदातच होऊ लागतात. दुसऱ्या वर्षाची मुलगी मैत्रिणींबरोबर सही करून बसते आणि मागाहून सोरोरिटीच्या घरात राहायला यायच्या यादीत तिचं नाव लागतं. मग भाडं दोन्हीकडे, आणि पैसे कधीकधी शैक्षणिक कर्जातून! हे मला अजिबात पटत नाही. यादी फ्लॅटच्या करारांआधी लागलीच पाहिजे, आणि आजारपण किंवा पैशांची ओढाताण असेल तर सूट कुणाकडे मागायची, हेही त्याच कागदावर छापलेलं हवं.