ओझे आणि श्वास

मनुष्य आजारातून उठला म्हणजे त्यास दोन प्रकारचे हितचिंतक भेटतात. पहिले म्हणतात, “आता जन्मभर जपून राहा.” दुसरे म्हणतात, “काही होत नाही, लाग कामाला.” दोघांचाही हेतू शुद्ध असतो आणि दोघांचाही सल्ला बहुधा घातक ठरतो. ज्या शस्त्रक्रियेविषयी आज आम्ही लिहीत आहोत, तिच्या बाबतीत तर हे दोन्ही सल्ले एकाच घरात एकाच दिवशी ऐकू येतात.

घशाशी आंबट येणे, छातीत जळजळणे, रात्री ठसका लागून उठणे, या सर्वांस आपल्या घरांतून ‘पित्त’ असे एकच नाव आहे. माधवनिदानात अम्लपित्ताचे ऊर्ध्वग आणि अधोग असे दोन भेद सांगितले आहेत. त्यांतील वर चढणारे अम्लपित्त ते हेच म्हणावयास हरकत नाही. पुष्कळांचे पथ्याने भागते, पुष्कळांचे गोळ्यांनी. थोड्यांचे मात्र कशानेच भागत नाही, आणि त्यांस शस्त्रवैद्याकडे जावे लागते.

आमचे तळवडे हे देहू-आळंदी रस्त्यावरील गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. आज येथे लहानमोठे कारखाने आणि संगणकाच्या कचेऱ्या गजबजलेल्या आहेत. कारखाने पाळ्यांवर चालतात. मनुष्याचे जठर मात्र पाळ्यांवर चालत नाही. येथेच लेथवर काम करणारा आमचा एक जुना विद्यार्थी आहे. रात्रपाळीहून पहाटे घरी यावे, भरपेट जेवावे आणि लागलेच आडवे व्हावे, असा त्याचा कित्येक वर्षांचा क्रम. त्यास नाद एकच, आणि तोही निर्मळ: व्यायामशाळेत जाऊन वजने उचलण्याचा. चार वर्षे गोळ्या घेऊनही जळजळ थांबेना, तेव्हा तपासणी झाली. जठराचा वरचा भाग छातीत सरकला आहे असे निघाले, आणि गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. पाच आठवड्यांनी तो आम्हांस भेटावयास आला तो निम्मा झालेला. म्हणाला, “सर, मी आता जन्मभर असाच का?”

त्याच्या या प्रश्नात पोटापेक्षा अभिमानाचा भाग अधिक होता, आणि तो अभिमान आम्हांस क्षुद्र वाटत नाही. दहा वर्षे घाम गाळून कमावलेले शरीर पाच आठवड्यांत उतरताना पाहणे सोपे नव्हे. शिवाय लेथवर जड जॉब चढविणे ही त्याची भाकरी आहे. यास्तव त्याच्या प्रश्नाचे उत्तर नीट शोधणे आम्हांस अगत्याचे वाटले. ते शोधताना जे कळले, ते अनेक घरांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

प्रथम शस्त्रक्रिया म्हणजे काय ते पाहू. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूंचा पडदा आहे. त्यास एक छिद्र असून त्यातून अन्ननलिका खाली उतरते आणि जठरास मिळते. तेथे आम्ल वर येऊ न देणारी जणू एक झडप असते. ती सैल पडली, किंवा छिद्र रुंद होऊन जठरच वर सरकले, म्हणजे आम्ल वर उसळते. शस्त्रवैद्य जठर खाली ओढून घेतात, रुंदावलेले छिद्र टाके घालून लहान करतात, आणि जठराचा वरचा मऊ भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती उपरण्याप्रमाणे गुंडाळून शिवतात. जठरात दाब वाढला की हे वेष्टण नलिकेस बाहेरून आवळते व वाट बंद होते.

ही युक्ती रुडॉल्फ निसेन या जर्मन शस्त्रवैद्याची. नाझी राजवटीमुळे १९३३ साली त्यास जर्मनी सोडावी लागली व तो इस्तंबूल येथे गेला. तेथे १९३६ साली एका रोग्याच्या अन्ननलिकेचा खालचा भाग काढताना जोड सुरक्षित राहावा म्हणून त्याने जठराची घडी त्याभोवती गुंडाळली. त्या रोग्यास पुढे आम्ल वर येण्याचा त्रास झाला नाही, हे त्याच्या ध्यानात राहिले. त्याच धाग्यावरून त्याने स्वित्झर्लंडमधील बाझेल येथून १९५६ साली ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. १९९१ पासून ती पोटास मोठा छेद न देता, लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साहाय्याने होऊ लागली.

येथेच एक फसगत आहे. बाहेरून पाहावे तर पोटावर चारपाच लहान व्रण, आणि तेही पंधरा दिवसांत कोरडे. रोग्यास वाटते, झाले, भरले. परंतु खरे टाके आत, श्वासपटलावर आहेत, आणि ते पटल मनुष्य झोपेत असतानाही प्रत्येक श्वासास हालते. शिवलेली जखम तीन आठवड्यांत फार तर पाव-एक ताकदीची होते. मूळ ताकदीच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत येण्यास तीन महिन्यांच्या आसपास लागतात. त्वचा लवकर भरते म्हणून आतलेही भरले असे मानणे म्हणजे वेष्टन पाहून ग्रंथ वाचला असे म्हणण्यासारखे आहे.

त्या टाक्यांचा शत्रू कोण? घरातील मंडळी म्हणतील, वजन. आमच्या विद्यार्थ्याच्या मातोश्रींनी त्याचे डंबेल्स पलंगाखाली दडवून ठेवले होते. त्याच आठवड्यात त्यांनी हाक मारली, “अरे, तेवढा सिलिंडर आत घे.” स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि लोखंडाचे वजन धरता भरलेला सिलिंडर सुमारे ३० किलोंचा होतो. दडविलेले डंबेल पाच किलोंचे होते! पाण्याचा मोठा जार २० किलोंचा, भरलेली बादली १५ किलोंची, कडेवर घ्यावयाचे तीन वर्षांचे मूल बारा-चौदा किलोंचे. घरच्या ओझ्यास आपण ओझे म्हणतच नाही. शस्त्रवैद्य पहिले चार ते सहा आठवडे साधारण चार-पाच किलोंच्या वर काही उचलू नका म्हणून सांगतात, तेव्हा त्या मर्यादेत सिलिंडर, बादली आणि लाडका नातू ही सर्व येतात, हे गृहिणींनी ध्यानात धरावे.

तथापि वजन हा अर्धाच शत्रू. खरा शत्रू पोटातील दाब. २००५ साली अमेरिकेत वीस निरोगी तरुण स्त्रीपुरुषांच्या पोटातील दाब प्रत्यक्ष मोजण्यात आला. नुसते उभे असता तो पाऱ्याच्या सुमारे २० मिलिमीटर भरला. उभ्याने खोकताना १०० च्या वर गेला. उडी मारताना १७० च्या आसपास. उलट हातात चार-पाच किलोंची वजने घेऊन दंड वळविल्याने तो फारसा वाढला नाही. म्हणजे हलके वजन उचलणाऱ्यापेक्षा खोकल्याकडे दुर्लक्ष करणारा अधिक धोक्यात असतो. बद्धकोष्ठ असता कुंथणे आणि ओकारीचे उमाळे हीही याच पंक्तीतील. वेष्टण घातल्यावर उलटी पुष्कळदा होतच नाही, नुसते उमाळे येतात, आणि त्यांचा सगळा मार टाक्यांवर बसतो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत खोकला, बद्धकोष्ठ आणि मळमळ यांवर तत्काळ इलाज करून घ्यावा.

आता जड वजन उचलताना दाब का वाढतो ते पाहा. पहिलवान वजनाखाली शिरला की श्वास भरतो, घसा मिटतो आणि पोट घट्ट करतो. त्याने पाठीच्या कण्यास आधार मिळतो. निरोगी मनुष्यास ही युक्ती उपकारक आहे. परंतु ज्याच्या श्वासपटलावर कच्चे टाके आहेत, त्याच्या पोटात कोंडलेला हा दाब जठरास वर, छातीकडे ढकलतो. कमरेस पट्टा आवळून बांधल्याने तो अधिकच वाढतो. यास्तव वजनाचा आकडा विचारण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारावा: हे उचलताना मला श्वास कोंडावा लागतो काय? लागत असेल, तर ते ओझे आज आपले नव्हे, मग ते पाच किलोंचे का असेना.

हा विचार आपल्यास परका नाही. सुश्रुत आणि वाग्भट या दोघांनीही व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आहे. अर्धी शक्ती ओळखावी कशी, याची खूण सुश्रुताने दिली आहे ती तर आज मुद्दाम पाठ करावी अशी: व्यायाम करिताना श्वास तोंडाशी येऊ लागला, म्हणजे अर्धे बल खर्च झाले असे समजावे. त्याने माप ठेविले ते श्वासाचे, ओझ्याचे नव्हे. आणि अतिव्यायाम करणाऱ्यास वाग्भटाने हत्तीस ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंह बलवान खरा, पण त्याचा नाश त्या बलानेच होतो.

परंतु आपल्या परंपरेचे नाव घेऊन जे जे सुचविले जाते, ते सर्वच या रोग्यास मानवेल असे नाही. शेजारचे काका हमखास सांगतात, “कपालभाती कर, पित्त मुळापासून जाईल.” कोणी मिठाचे पाणी पिऊन वमनधौती करावयास सुचवितो. वेष्टण घातलेल्या जठरास मुद्दाम उलटी काढावयास लावणे हे साहस आहे; ते करूच नये. पोटास झटके देणारी कपालभाती व भस्त्रिका, कोपर पोटात रुतविणारे मयूरासन, आणि नौली ही सर्व शस्त्रवैद्याच्या अनुज्ञेवाचून वर्ज्य समजावीत. या क्रियांनी पोटातील दाब खरोखर बदलतो, हे आपल्याच मुलखात सिद्ध झालेले आहे. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी नौलीच्या वेळी होणारे दाबाचे फेर यंत्राने मोजून पाहिले होते. जी क्रिया एवढी प्रभावी, ती कच्च्या टाक्यांवर करून पाहण्याची वस्तू नव्हे.

मग करावे काय? चालावे. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात, मग अंगणात, मग रस्त्याने, रोज थोडे थोडे वाढवीत. सहा आठवड्यांच्या सुमारास शस्त्रवैद्याने तपासून होय म्हटले, म्हणजे बसून हातांची हलकी वजने घ्यावीत. उचलताना श्वास सोडावा, खाली ठेवताना घ्यावा. मोठ्याने अंक मोजीत उचलावे, ही आमची मास्तरी सूचना. तोंडाने पाढे चालू असले की श्वास कोंडताच येत नाही. वजन वाढवावे ते आठवड्यागणिक, दिवसागणिक नव्हे. खांद्यावर वजन घेऊन बैठका, जमिनीवरून जड दांडा उचलणे आणि पोटाचे कठीण व्यायाम हे सर्वांच्या शेवटी, तीन महिने उलटल्यावर आणि पुनः विचारूनच. जेवणानंतर दोन-तीन तासांच्या आत व्यायाम नको, आणि डोके खाली असलेल्या बाकावर पडून तर नकोच. प्रत्येकाची शस्त्रक्रिया सारखी नसते. कोणाचे वेष्टण पूर्ण असते, कोणाचे अर्धे. म्हणून शेजाऱ्याच्या तारखा आपल्या पंचांगात लिहू नयेत.

आहाराचेही तेच. आरंभी वेष्टण सुजलेले असते, त्यामुळे पातळ पेज, मग मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, असे चढत जावे. पोळी, भाकरी आणि कोरडा घास उशिरा. तोही लहान आणि पुष्कळ चावून. सोडावॉटरसारखी फसफसणारी पेये टाळावीत, कारण ढेकर सहज निघत नाही आणि पोट फुगून राहते. शरीर उतरले म्हणून लगेच तूप, बदाम आणि शेरभर दुधाचा खुराक चालू करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की स्निग्ध पदार्थ जठरातून सावकाश उतरतो आणि तितका वेळ भार तेथेच राहतो. घास अडकू लागणे, छातीत नवी कळ, ताप, किंवा न थांबणारे उमाळे, यांपैकी काही दिसल्यास घरगुती उपायात घटकाही न दवडता ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांस गाठावे.

हे सर्व आम्ही त्या विद्यार्थ्यास सांगितले आणि त्याच्या मातोश्रींसही. मुलास उतावीळ आवरणे जड गेले, मातेस भीती आवरणे त्याहून जड गेले. अखेर ठरले ते असे: सिलिंडर धाकट्या भावाने आत आणावा, डंबेल्स पलंगाखालून बाहेर यावेत, आणि लेथवरचे हलके काम काही महिने मागून घ्यावे. मागणे त्यास अपमानाचे वाटत होते. आम्ही म्हणालो, “बाबा, जो आज थांबतो त्याचेच उद्याचे उचलणे टिकते.” आज आठ महिन्यांनी तो पूर्वीच्या दोनतृतीयांश वजनावर आहे. त्याहून पुढे जाईल की नाही हे त्याचा श्वास ठरवील, व्यायामशाळेतील आरसा ठरविणार नाही.

आमच्या वाचकांच्या घरी असा कोणी रोगी असल्यास त्यांनी त्यास काचेच्या कपाटात ठेवू नये आणि आखाड्यातही ढकलू नये. दुर्बल झालेल्या मनुष्यास त्याचे बळ परत मिळेल असा भरवसा द्यावा, आणि ते परत मिळेपर्यंत त्याच्या वाटणीचे ओझे घरातील इतरांनी बोलून न दाखविता उचलावे. एवढे कुटुंबाने केले, तर बाकीचे काम काळ आणि टाके मिळून करतात.