बंदराचे दार

बोटीने जाणारा प्रवासी बंदर पाहतो ते घड्याळाकडे पाहत. सकाळी शिडी लागते, संध्याकाळी काढतात. मधल्या वेळात बहुतेक सहप्रवासी मोटारबसमध्ये बसून दूरच्या गावांना निघून जातात. आम्ही उभयतांनी मात्र मार्सेलिस पायी पाहायचे ठरवले. या गावाचे नाव मराठी माणसाला शाळेपासून पाठ असते; पण पाठ असलेले गाव ओळखीचे असतेच असे नाही.

आजकाल पर्यटकांच्या मोठ्या बोटी उत्तरेकडे, गावापासून बऱ्याच लांब लागतात. उतरताना खिशातले कार्ड दाखवले की झाले. कोण, कुठले, कशाला, असे कुणी विचारीत नाही. बसने जोलिएत गोदीपर्यंत यावे आणि मग चालू लागावे. पट्ट्यापट्ट्यांच्या दगडांचे कॅथीड्रल ओलांडले की चढावर 'ल पानिए' ही जुनी वस्ती लागते. अरुंद बोळ, पायऱ्यांचे रस्ते, खिडक्यांखाली वाळत घातलेले कपडे.

ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास ग्रीक खलाशांनी हे गाव वसवले. दंतकथा अशी, की ते किनाऱ्याला लागले त्या दिवशी तिथल्या राजकन्येचे स्वयंवर होते आणि तिने पेला दिला तो नुकत्याच उतरलेल्या परक्याच्या हाती. म्हणजे गावाचा जन्मच परक्याच्या स्वागतातून झाला! पण याच वस्तीत 'व्हिएय शारिते' नावाची कमानींच्या सज्जांची सुरेख इमारत आहे. आज तिथे संग्रहालये आहेत. सतराव्या शतकात ती बांधली ती मात्र रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना कोंडण्यासाठी. आसरा आणि कोंडवाडा, दोन्हींचे दार एकच.

उतार संपून जुने बंदर आले की पायांना फरक कळतो. बोळ संपतात आणि एकसारख्या सरळ इमारतींची रांग सुरू होते. १९४३ च्या जानेवारीत जर्मनांनी फ्रेंच पोलिसांच्या मदतीने इथली वीस हजारांवर माणसे घराबाहेर काढली आणि पुढच्या महिन्यात ही वस्ती सुरुंग लावून उडवली. शेकडो ज्यू त्या धरपकडीत सापडले व छळछावण्यांकडे रवाना झाले. मधोमध नगरभवन तेवढे शाबूत उभे आहे.

बंदराने दार सावधपणे उघडावे, हे खरे. १७२० साली पूर्वेकडून आलेल्या 'ग्रां सेंत आंत्वान' या जहाजावर प्लेग होता. व्यापाऱ्यांना जत्रेसाठी माल हवा होता. तेव्हा जहाज दूर ठेवण्याचे नियम सैल झाले आणि निम्मे गाव दगावले. मालासाठी दार उघडले ते असे.

माणसासाठी ते कसे मिटले, हे आपण जाणतो. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीच्या पोर्टहोलमधून सावरकर समुद्रात उतरले, पोहून धक्क्यावर चढले आणि धावले. फ्रान्सच्या भूमीवर इंग्रजांचा कायदा चालत नाही, ही त्यांची आशा. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडले आणि इंग्रज पहाऱ्याच्या हवाली केले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ चा निकाल असा, की अशी सोपवणूक नियमाला धरून नव्हती. तरीही कैद्याला परत करण्याचे बंधन इंग्लंडवर नाही. त्या धक्क्यावरची काही मिनिटांची धाव अंदमानात जाऊन थांबली.

आपण त्या उडीचा अभिमान बाळगतो, तो योग्यच. पण या गावात चालताना मला उडीपेक्षा धक्का अधिक आठवत राहिला. उडी एका माणसाची. त्याला उभे राहू द्यायचे की नाही, हे ठरवणे मात्र धक्क्याच्या हाती होते.

वाचकांपैकी कुणी गेलेच, तर दक्षिणेच्या टेकडीवरील 'नोत्र दाम द ला गार्द' चुकवू नका. चढ दमवणारा आहे. उतरताना गुडघे बोलतात. देवळावरच्या सोनेरी मूर्तीला गावकरी 'भली आई' म्हणतात. आत छताला छोट्या छोट्या बोटी टांगल्या आहेत. समुद्रावरून सुखरूप घरी आलेल्यांनी फेडलेले ते नवस. बाहेर कठड्याशी उभे राहिले की अख्खे बंदर पायाशी दिसते, आणि समोरच्या बेटावर इफचा किल्ला, म्हणजे जुना तुरुंग. घड्याळ न पाहता तिथे थोडे थांबावे.