रागावण्याआधी पाठ पाहा

‘सरळ उभी राहा,’ असे दिवसातून दहा वेळा सांगूनही मुलगी वाकडीच उभी राहते, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पण दोष नेहमी सवयीचाच असतो असे नाही. दहा ते पंधरा या वाढत्या वयात कण्याला एका बाजूला बाक येऊ शकतो. यालाच स्कोलिओसिस म्हणतात. तो बहुधा दुखत नाही, म्हणून लवकर लक्षातही येत नाही.

घरी एवढे करा. मुलीला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात खाली सोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू उंच दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एक्स-रेमध्ये बाक 25 ते 40 अंशांचा असेल आणि उंची अजून वाढत असेल, तर सहसा ब्रेस म्हणजे धडाभोवती कडक पट्टा लावतात. त्याने बाक वाढणे थांबू शकते.

मालिश किंवा हातांनी सांधे-स्नायू हाताळणारी ऑस्टिओपॅथी यांनी आखडलेल्या पाठीला आराम वाटेल. पण कण्याचा बाक सरळ होतो, असे सिद्ध झालेले नाही. तेवढ्यावर विसंबून वर्ष घालवू नका. वाढ पूर्ण झाल्यावर पट्ट्याचा उपयोग होत नाही.