किती एमएमचा रॉड?

परवा घरी झोपाळा टांगायचा विषय निघाला. बाबा म्हणाले, "तू इंजिनिअर ना? मग सांग, किती एमएमचा रॉड आणू?" मेकॅनिकलची डिग्री घेऊन सहा वर्षं कोड पाडणाऱ्या माणसाचा एवढा सन्मान कोण करतो! लगेच कागद-पेन घेतलं.

तीन मोठी माणसं आणि फळी मिळून ३०० किलो. जोरात झोका घेतला की ताण दुपटीवर जातो, म्हणजे ६००० न्यूटन. रॉड चार, पण भार सारखा वाटला जाईलच असं नाही, म्हणून दोनच धरले. प्रत्येकी ३०००. साधं पोलाद २५० न्यूटन प्रति चौरस मिमीला ताणून कायमचं लांबतं. पाचपट सुरक्षितता धरली तर ५० वापरायचे. म्हणजे ६० चौरस मिमी हवेत. १० एमएमचा रॉड ७८ देतो. झालं की!

पण थांबा. टोकाला आटे पाडले की हाती उरतात साधारण ५८. म्हणून १२ एमएम. मी ऐटीत उत्तर दिलं.

बाबा वर बघत म्हणाले, "आणि हा अडकवणार कशाला?"

च्यायला! आमची बिल्डिंग जुनी. वरचा हूक स्लॅबच्या लोखंडात अडकवलाय की नुसता सिमेंटमध्ये रोवलाय, कुणालाच माहीत नाही.

कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ ला नेमकं हेच झालं. लॉबीत एकाखाली एक असे दोन पूल रॉडला टांगलेले. मूळ डिझाइनमध्ये वरपासून खालपर्यंत एकच अखंड रॉड होता. बांधताना सोय म्हणून त्याचे दोन केले आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळईला लटकवला. त्या तुळईखालच्या नटवर दुप्पट भार आला. रॉड शाबूत राहिले, नट तुळई फाडून आरपार निघाला. ११४ माणसं गेली.

माझं मत विचाराल तर 'किती एमएम?' हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा म्हणजे भार शेवटी जातो कुठे? रॉडचं गणित सोपं, म्हणून आपण तेच करतो आणि निर्धास्त होतो. सांध्याकडे कुणी बघत नाही. (आमच्या प्रोजेक्टमध्येही दोन टीम्सचं काम जिथे जुळतं, तिथेच सगळं फुटतं. असो.)

त्या झोपाळ्यावर सगळ्यात जास्त माझी चार वर्षांची भाची बसणार आहे. म्हणून रविवारी स्लॅब तपासायला माणूस बोलावलाय. तोवर झोपाळा माळ्यावर.